पहिलटकरणीचे स्तन्यशिक्षण : आरंभ सातव्या महिन्यात हवा

गर्भिणीस कोणत्या महिन्यात काय द्यावे हे आपणांपैकी प्रत्येकास मुखोद्गत असते. पहिल्या महिन्यातील शीत क्षीरापासून नवव्या महिन्यातील अनुवासन बस्ती व योनिपिचूपर्यंतची मासानुमासिक परिचर्या आपण विद्यार्थिदशेत पाठ केली, व्यवसायात वापरली आणि महिला मंडळांपुढे तिच्यावर व्याख्यानेही दिली. परंतु जन्मलेल्या बाळाला छातीशी कसे धरावे, त्याचे तोंड किती उघडल्यावर ते स्तनाशी न्यावे, पहिले दोन दिवस दूध 'दिसत' नसले तरी घाबरू का नये, हे त्या मुलीला कोणी आणि केव्हा सांगावयाचे, याचे उत्तर आपल्या चिठ्ठीवर सहसा सापडत नाही. नऊ महिने आपण गर्भपोषणाची चिंता वाहतो आणि दहाव्या महिन्याचा प्रश्न प्रसूतिगृहातील परिचारिकेवर, शेजारच्या आजीवर, नाहीतर डब्याच्या दुधावर सोडून देतो.

आमचे म्हणणे असे की, पहिलटकरणीचे स्तन्यशिक्षण हा गर्भिणी परिचर्येचाच एक भाग मानला पाहिजे. त्याचा आरंभ सातव्या महिन्यात झाला पाहिजे. आणि ते करण्यास कवठे महांकाळसारख्या तालुक्यातील वैद्य व औषधी दुकानदार यांच्याइतका सोयीचा माणूस दुसरा नाही. या म्हणण्यातून आपल्या काही प्रिय प्रथांनाही प्रश्न विचारावे लागतात. ते टाळून हा विषय मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

प्रसूतिगृह गाठले, छाती गाठली नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्याचे आढळले. जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत अंगावर पाजलेली बालके मात्र ४१.८ टक्केच होती, आणि सहा महिन्यांखालील बालकांपैकी ६३.७ टक्के बालकेच केवळ मातेच्या दुधावर होती. महाराष्ट्रात रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास पोहोचले, पण पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण निम्म्याच्या थोडेच वर राहिले. याचा अर्थ सरळ आहे. माता प्रसूतिगृहापर्यंत पोहोचते, तिथे डॉक्टर असतात, परिचारिका असतात, तरी बाळ वेळेवर छातीपर्यंत पोहोचत नाही. अडचण अंतराची उरलेली नाही. ती माहितीची आणि सवयीची आहे.

या विलंबाची किंमत लहान नाही. २०१६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकाच्या स्तनपानविषयक लेखमालेत असा हिशेब मांडला गेला की, जगभर स्तनपान जवळजवळ सार्वत्रिक झाले तर पाच वर्षांखालील ८ लाख २३ हजार बालमृत्यू दरवर्षी टळू शकतील. अतिसार आणि श्वसनमार्गाचे संसर्ग ही त्यांतील मुख्य कारणे. आपल्या तालुक्यापुरते बोलायचे तर १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आणि २०१२-१३ साली टँकरच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. ज्या घरात पिण्याचे पाणी टँकरने येते, पिंपात साठते आणि पेल्याने काढले जाते, त्या घरात त्याच पाण्यात कालवलेले डब्याचे दूध न उकळलेल्या बाटलीतून बाळाच्या पोटात जाते. त्यातही डबा महाग म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त. मातेच्या दुधात सुमारे ८७ ते ८८ टक्के पाणीच असते; म्हणून चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यातही सहा महिन्यांखालील बाळाला पाण्याचा थेंबही द्यावा लागत नाही. ही एवढी एक गोष्ट जरी प्रत्येक पहिलटकरणीच्या घरी बाळंतपणाआधी पोहोचली, तरी आपल्याकडील उन्हाळी अतिसाराचे चित्र पालटेल.

सासर, माहेर आणि मधला तुटलेला धागा

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्या भागातील जुनी रीत. ती चांगलीच आहे. मुलीला आईच्या मायेची सावली मिळते. परंतु वैद्यकीय दृष्टीने तिच्यात एक खाच आहे. कवठे महांकाळात नांदणारी सून सातव्या-आठव्या महिन्यात जत, तासगाव, सांगोला, क्वचित सीमेपलीकडे अथणीकडे माहेरी जाते. आणि त्या तालुक्यांत दिलेल्या आपल्या लेकी इकडे येतात. म्हणजे सहा महिने जिने आपल्याकडे नाडी दाखविली तिची प्रसूती आपण पाहत नाही, आणि जिची प्रसूती आपल्या गावी होते तिचे पहिले सहा महिने आपल्याला ठाऊक नसतात. प्रसूती कदाचित मिरज-सांगलीच्या एखाद्या रुग्णालयात होते, तिसऱ्या दिवशी घरी पाठवणी होते, आणि नेमक्या त्याच दिवशी छाती भरून येते, ताठते, दुखू लागते, बाळ रडते आणि घरातील सर्वांचा धीर सुटतो. त्या घटकेला तिच्याजवळ परिचारिका नसते आणि वैद्यही नसतो.

पहिलटकरणीची अडचण म्हणूनच निराळी. दुसरेपणाच्या बाईजवळ तिचा स्वतःचा अनुभव असतो. पहिलटकरणीजवळ केवळ इतरांची मते असतात, आणि ती परस्परविरोधी असतात. आई म्हणते चीक पिळून टाक, सासू दूरध्वनीवरून म्हणते मध चाटवा, शेजारीण म्हणते हिला दूधच नाही. पूर्वी एकत्र कुटुंबात जाऊबाईला, नणंदेला पाजताना पाहूनच मुलगी अर्धे शिक्षण घेई. आता घरे लहान झाली. अनेक मुलींनी बाळ छातीशी घेतलेले जवळून पाहिलेलेही नसते. पाहून मिळणारे शिक्षण बंद झाले, तर सांगून आणि दाखवून मिळणारे शिक्षण सुरू करणे ओघानेच आले.

येथे एक विसंगती वैद्यबंधूंच्या नजरेस आणावीशी वाटते. आपल्या भागात घरोघरी म्हैस आहे. म्हैस व्याली की रेडकाला पहिला चीक पाजल्याशिवाय कोणी शेतकरी पुढचे काम करीत नाही. चीक चुकला तर रेडकू जगत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. उरलेल्या चिकाचा खरवस शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटला जातो. आणि त्याच घरात सुनेचा चीक 'जड', 'शिळा', 'नऊ महिने साठलेला' म्हणून मातीत पिळला जातो. गोठ्यातले शहाणपण माजघरात आणावयाचे आहे, इतकेच. आमचा अनुभव असा की, हा दाखला दिला की आजीबाई हसतात, आणि मग पुष्कळदा ऐकतातही.

संहितांचा आधार

स्तन्यशिक्षण ही पाश्चात्त्यांची आयात आहे, असे कोणी म्हणेल तर ते चूक ठरेल. चरकाचार्यांनी शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन करताना गर्भिणीजवळ कोणत्या स्त्रिया असाव्यात हे सांगितले आहे. अनेक वेळा प्रसूत झालेल्या, स्नेहशील, कामात कुशल, धीराच्या, क्लेश सहन करणाऱ्या अशा त्या असाव्यात. त्यांनी तिला धीर द्यावा आणि काय करावे हे सांगत राहावे. अनुभवी स्त्रीने अननुभवी स्त्रीस शिकविणे, ही पद्धत आपल्या शास्त्रात याप्रमाणे मुळातच आहे. त्याच स्थानात धात्रीपरीक्षेच्या निमित्ताने स्तनाचा आकार आणि स्तनाग्राची योग्यता पाहावयास सांगितली आहे. धात्रीची परीक्षा करणारे आपण, प्रत्यक्ष मातेची तीच परीक्षा आठव्या महिन्यात का करीत नाही?

स्तन्यप्रवृत्तीविषयी सुश्रुत आणि त्यांना अनुसरून वाग्भट सांगतात की, हृदयस्थ धमनी अथवा सिरा मोकळ्या झाल्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी स्तन्य प्रवृत्त होते. हे निरीक्षण अचूक आहे. प्रसूतीनंतर साधारण ३० ते ७२ तासांत दूध भरपूर उतरू लागते आणि पहिलटकरणीत ते काहीसे उशिराच उतरते, असे आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही सांगते. फरक इतकाच की, त्याआधी स्तनात असणारा चीक अल्प असला तरी निरुपयोगी नाही, हे आता आपल्याला कळले आहे. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी जेमतेम चमचाभर द्रव लागतो. चीक तेवढाच येतो आणि त्यात संसर्गापासून रक्षण करणारी प्रतिद्रव्ये ओतप्रोत असतात. चरकांनी तर जातकर्मानंतर लगेच, त्याच दिवशी, उजवा स्तन प्रथम पाजण्यास सांगितले आहे. म्हणजे संहितांतच दोन परंपरा दिसतात. त्यांपैकी कोणती स्वीकारावी हे युक्तीने ठरवावयाचे असते, आणि आजच्या प्रत्यक्ष ज्ञानाचा कौल निःसंशय चरकांच्या बाजूने आहे.

सुश्रुतांनी पाजण्यापूर्वी थोडे दूध पिळून टाकण्यास सांगितले आहे. त्याचा आधार घेऊन दोन-दोन दिवस चीक फेकणे हा त्या वचनाचा विपर्यास होय. ताठलेल्या, भरलेल्या स्तनातून एकदम आलेल्या धारेने बाळाला ठसका लागू नये, हा त्या सूचनेचा हेतू आहे. ती थोडक्या दुधापुरती आहे.

मध, गुटी आणि सुवर्ण

आता अप्रिय भागाकडे वळतो. जन्मतःच मध-तूप चाटविणे, दुसऱ्या दिवसापासून सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ उगाळून गुटी देणे आणि पुष्य नक्षत्र पाहून तान्ह्या बाळास सुवर्णप्राशन करविणे या प्रथा आपल्या व्यवसायाशी घट्ट निगडित आहेत. त्यांतून काहींची उपजीविकाही चालते. तरीही आमचे मत स्पष्ट आहे : निरोगी मातेच्या निरोगी बाळास पहिले सहा महिने स्तन्याखेरीज काहीही देऊ नये. आजारी बाळासाठी वैद्याने विचारपूर्वक योजिलेले औषध ही वेगळी बाब. सरसकट चाटण ही वेगळी.

कारणे तीन. पहिले मधाचे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची बीजे असू शकतात. प्रौढाच्या आतड्यात ती रुजत नाहीत. एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात रुजून स्नायूंचा पक्षाघात घडवू शकतात. असे क्वचितच घडते, पण घडले तर जिवावर बेतते. शिवाय समप्रमाणात मध-तूप विरुद्ध होते, हे आपणच शिकवितो. बाळंतिणीच्या खोलीत प्रमाण कोण मोजतो? दुसरे कारण शुद्धतेचे. सहाण, उगाळण्याचे पाणी, चाटविणारे बोट, बाजारातून आणलेली वेखंडाची कांडी, यांपैकी कशाचीही स्वच्छता आपल्या हाती नसते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. पोटात बाहेरचे काही गेले की बाळ तेवढे कमी ओढते. बाळ कमी ओढते म्हणून दूध कमी बनते. दूध कमी म्हणून आणखी बाहेरचे दिले जाते. हे चक्र एका बोटभर चाटणाने सुरू होते आणि महिन्याभरात डब्यापाशी येऊन थांबते.

यावर काश्यप संहितेतील लेहाध्यायाचा दाखला दिला जातो. पण तो अध्याय नीट पाहावा. लेहन कोणास द्यावे हे सांगताना काश्यपांनी आरंभीच ज्यांच्या मातेस दूध नाही, अल्प आहे किंवा दुष्ट आहे अशा बालकांचा उल्लेख केला आहे. म्हणजे लेहनाचा विचारही मातेच्या स्तन्याकडे पाहून करावयाचा आहे. सुवर्णप्राशनाचे माहात्म्य त्याच अध्यायात आहे हे आम्हांस ठाऊक आहे, आणि त्यावर श्रद्धा असणाऱ्या सहकाऱ्यांविषयी आदर आहे. त्यांना आमची विनंती इतकीच की, सहा महिन्यांखालील बाळास ते देऊ नये, आणि मध घातलेले कोणतेही चाटण वर्षाच्या आत देऊ नये. जातकर्माचा संस्कार मोडावयाचा नाही; मंत्र, आशीर्वाद, ओवाळणे सारे असू द्यावे. बाळाच्या जिभेवर मात्र पहिला स्पर्श मातेच्या चिकाचा असावा.

शतावरीच्या आधी तंत्र

'दूध कमी आहे' अशी तक्रार आली की आपला हात शतावरी कल्पाकडे जातो. शतावरी, विदारी, शालि, षष्टिक, चरकांच्या स्तन्यजनन गणातील वीरण, दर्भ, कुश, काश यांची मुळे. ही संपत्ती आपल्याकडे आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी बाळंतिणीला बळ देतात, आणि 'माझी काळजी घेतली जाते' हा विश्वासही देतात. पण क्रम चुकता कामा नये. बाळ स्तनाला नीट लागलेच नसेल, तर कितीही कल्प घेतला तरी दूध वाढत नाही. कारण दूध जेवढे बाहेर काढले जाते तेवढेच पुन्हा बनते. साठून राहिलेले दूध पुढची निर्मिती थांबविते.

सुश्रुतांनी स्तन्यस्रावाचे कारण सांगताना अपत्याचे दर्शन, स्मरण, स्पर्श आणि अखंड स्नेह यांचा निर्देश केला आहे, आणि स्तन्यनाशाच्या कारणांत क्रोध, शोक व अवात्सल्य ही आधी गणली आहेत. आज ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे कार्य जे वर्णिले जाते ते याहून फार निराळे नाही : बाळाच्या स्पर्शाने, नुसत्या रडण्याच्या आवाजानेही धार सुटते, भीती, वेदना, अपमान यांनी ती आखडते. 'हिला दूधच नाही' हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत उच्चारणे हे म्हणूनच एक प्रकारचे स्तन्यनाशक औषध आहे. सौमनस्य उत्पन्न करणे हा सुश्रुतांचा उपचार. त्याची मात्रा घरच्यांनी द्यावयाची असते, आणि ती कशी द्यावी हे आपण आधी सांगून ठेवावयाचे असते.

काय शिकवावे

सातव्या महिन्यात मुलगी माहेरी निघण्याआधी एक बैठक, आणि माहेरच्या गावी वैद्याकडे आल्यावर नवव्या महिन्यात दुसरी बैठक, एवढे पुरेसे आहे. दोन्ही वेळा तिच्याबरोबर आई किंवा सासू हवी. नवराही आला तर उत्तम. डोहाळजेवणाला चार बायका जमतातच. त्यातील अर्धा तास मागून घेता येतो.

पहिल्या बैठकीत स्तनपरीक्षा करावी. स्तनाग्र सपाट किंवा आत ओढलेले असले तरी घाबरवू नये. बाळ केवळ बोंड चोखत नाही, भोवतीच्या काळसर भागासह स्तन तोंडात घेते, हे समजावावे. गरोदरपणी स्तनाग्र ओढण्याचे व्यायाम सांगू नयेत. त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. बाळंतपणानंतर लगेच, बाळ पुसून, उघड्या छातीवर ठेवून वर दोघांवर पांघरूण घालावे आणि पहिल्या तासात पाजावे, हे रुग्णालयात मागून घेण्यास तिला व तिच्या आईला सांगावे. पोट फाडून प्रसूती झाली तरी बाळ छातीला लावता येते. भूल उतरेपर्यंत डब्याची वाट धरण्याची गरज नाही.

दुसऱ्या बैठकीत बाहुली किंवा गुंडाळलेला टॉवेल हातात देऊन प्रत्यक्ष करून घ्यावे. डाव्या स्तनाशी घेताना बाळाचे अंग उजव्या हाताने आधारावे आणि डाव्या हाताने स्तन धरावा. बाळाचे पोट आईच्या पोटाला, नाक स्तनाग्रासमोर. वरच्या ओठाला स्तनाग्र लावावे. तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडले की बाळाला स्तनाकडे आणावे, स्वतः वाकू नये. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल भरलेले, आणि काळसर भाग वर जास्त व खाली कमी दिसणारा. ही नीट लागल्याची खूण. दुखत असेल तर लागणे चुकले आहे. करंगळीने ओठाच्या कडेला हवा शिरू देऊन सोडवावे आणि पुन्हा लावावे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने या तंत्राच्या चित्रफिती मराठीतही तयार केल्या आहेत; भ्रमणध्वनीवर त्या दाखविणे कोणासही जमेल.

मग पुरेशा दुधाच्या खुणा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे, रात्रीही. रडण्याची वाट न पाहता हात चोखणे, मान वळवून शोधणे या खुणांवर पाजणे. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा अधिक वेळा लघवी झाली की दूध पुरते, असे निश्चित समजावे. काळी शी चार-पाच दिवसांत पिवळी होते. पहिल्या दिवसांत वजन थोडे घटते आणि दोन आठवड्यांत भरून येते. छाती ताठली तर पाजणे थांबवू नये; आधी कोमट शेक देऊन हाताने थोडे दूध काढावे, मग पाजावे. हाताने दूध काढण्याची रीत शिकविणे आमच्या भागात विशेष अगत्याचे. द्राक्षबागेच्या छाटणीवर जाणारी मजूर स्त्री फार काळ घरी बसू शकत नाही. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले दूध सुमारे चार तास बाहेर राहते आणि वाटी-चमच्याने पाजता येते. बाटली नको.

बाळाला धाप लागणे, ताप येणे किंवा अंग गार पडणे, चोखणे सोडून देणे, बारा तास लघवी न होणे. अशा वेळी घरगुती उपाय न करता तातडीने रुग्णालय गाठावे, हेही आधीच सांगून ठेवावे.

केवळ व्याख्यान पुरेसे नाही

आम्ही या शिक्षणाचे गुणगान करतो म्हणून त्याची मर्यादा लपविणार नाही. २०१६ साली कॉक्रेन या संस्थेने जगभरातील चाचण्यांचा जो आढावा घेतला त्यात, केवळ गरोदरपणात दिलेल्या स्तनपानविषयक शिक्षणाने स्तनपानाचा आरंभ किंवा कालावधी वाढतो असा निर्णायक पुरावा मिळाला नाही. त्या चाचण्या मुख्यतः श्रीमंत देशांतील होत्या हे खरे. तरी त्यातून घ्यावयाचा धडा आम्हांस मोलाचा वाटतो : बाळंतपणाआधी सांगणे आणि बाळंतपणानंतर पाठीशी उभे राहणे, हे एकाच सुताचे दोन पदर आहेत. एक पदर तुटला की दुसरा टिकत नाही.

याचे उदाहरण दूर शोधावयास नको. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरोघरच्या नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातीलच प्रशिक्षित आरोग्यदूत गरोदर स्त्रीस आधी शिकवीत आणि बाळंतपणानंतर पुनःपुन्हा घरी जात. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. जंतुसंसर्गावरील उपचार हा त्या यशाचा मोठा भाग होता. तथापि आधीचे शिक्षण आणि नंतरची भेट यांची सांगड हे त्याचे सूत्र होते. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीने रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जावे, अशी योजना झाली. वैद्याने तिला परके समजू नये. तिसऱ्या दिवसाची तिची भेट आणि आपला एक दूरध्वनी जुळून आला, तर डबा घरात येण्याचा क्षण बहुधा टळेल.

औषधी दुकानदार बंधूंस

डबा विकत मिळतो तो आपल्याच दुकानात. म्हणून या कार्यात दुकानदारांचा वाटा वैद्यांइतकाच आहे. १९९२ चा बालदुग्धपर्याय, दूधबाटल्या व बालान्न विषयक कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, डब्याच्या विक्रीस मनाई करीत नाही; पण दोन वर्षांखालील बालकांसाठीच्या दुधाच्या पर्यायांची, बालान्नाची आणि दूधबाटल्यांची जाहिरात, मोफत नमुने, भेटवस्तू व विक्री वाढविणारी प्रलोभने यांस प्रतिबंध करतो. दर्शनी भागातील फलक, 'एकावर एक मोफत' योजना, वैद्याला कंपनीकडून मिळणारी दिनदर्शिका किंवा परिषदेचा खर्च, हे सारे त्या कक्षेत येते. भंगासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाच्या भयापेक्षा व्यवसायाची प्रतिष्ठा मोठी, असे आम्ही मानतो.

दुकानदाराने एकच करावे. तान्ह्या बाळासाठी डबा मागावयास कोणी आले तर 'बाळ किती दिवसांचे, कोणी सांगितले?' एवढे विचारावे. तिसऱ्या दिवशीची घबराट असेल तर डब्याऐवजी जवळच्या वैद्याचे किंवा आशाताईचे नाव सांगावे. विक्री एक डब्याने घटेल. गावाचा विश्वास वाढेल. माता दगावलेली, अतिशय अशक्त किंवा बाळ विशिष्ट आजाराचे, अशा अपवादांत डबा लागतोच. तिथे स्वच्छतेने आणि योग्य प्रमाणात कालविण्याची रीत सांगणे हेही त्याचेच काम.

संघटनेपुढे तीन सूचना

स्तनपानाचे कार्य महाराष्ट्राला नवे नाही. देशातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव येथील रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि स्तनपानाच्या प्रसारासाठी देशभर झटणारे 'बीपीएनआय' हे जाळे १९९१ साली वर्ध्यास स्थापन झाले. केंद्र शासनाने २०१६ साली 'मा' हा कार्यक्रम सुरू केला. या साऱ्यात कौमारभृत्याचा वारसा सांगणाऱ्या आपल्या संघटनांनीही आपली जागा घेतली पाहिजे.

त्यासाठी आमच्या सूचना अशा. एक, संघटनेने पानभर मजकुराची एक चिठ्ठी छापावी. सातव्या महिन्यात सासरचा वैद्य ती भरून, स्तनपरीक्षा व झालेले शिक्षण नोंदवून, माता व बाल संरक्षण कार्डात ठेवील. माहेरचा वैद्य तिथून पुढे सुरू करील. तुटलेला धागा एवढ्या कागदाने सांधला जाईल. दोन, दरमहा ९ तारखेस शासकीय केंद्रांत गर्भिणींची तपासणी असते. त्या दिवशी तालुक्यातील एका वैद्याने, शक्यतो स्त्रीवैद्याने, पहिलटकरणींची बैठक घेण्यास वेळ द्यावा. तीन, मध, गुटी व सुवर्णप्राशन यांविषयी संघटनेने खुली चर्चा घडवून सहा महिन्यांखालील बालकांपुरता एक सामाईक संकेत ठरवावा. ज्यांचे मत आमच्याहून वेगळे आहे त्यांनी ते याच पानांवर मांडावे. मतभेदाने शास्त्राचे नुकसान होत नाही, मौनाने होते.

गर्भिणी परिचर्या नवव्या महिन्याच्या पिचूवर संपत नाही. बाळ छातीला नीट लागले, मातेचा चेहरा निवळला आणि सहाव्या दिवशी सहा लंगोट ओले झाले, की मगच ती पुरी झाली असे आपण समजू या; आणि तिचा पहिला धडा सातव्या महिन्याच्या चिठ्ठीवर लिहू या.